सत्तावीसचं चाक, अठ्ठावीसचा टायर

आमच्या घरात जी सायकल आली ती कुणाच्याच मापाची नव्हती, आणि तरी ती आपलीच आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. माझा मामा मलबार हिलवर एका साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकी होता. साहेब बायकापोरांसकट कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने नको असलेल्या वस्तू नोकरमाणसांत वाटून टाकल्या, आणि मामाच्या वाट्याला ही सायकल आली. मामाला सायकल येत नव्हती. त्याने ती तिथपासून लालबागपर्यंत हातात धरून चालत आणली, आमच्या दाराशी भिंतीला टेकवली आणि आईला म्हणाला, "अक्का, विलायती आसा. पोरांका होतली." पोरांका म्हणजे दत्ताला, माझ्या थोरल्या भावाला, हे न सांगता सगळ्यांना समजलं. मी तिथेच चुलीपुढे भाकरी उलथत बसले होते. मीही पोरांतच मोडते, असं म्हणावंसं वाटलं होतं, पण तव्यावर भाकरी असताना आमच्याकडे वाद घालायची पद्धत नव्हती.

आमची खानावळ होती. खोल्या दोन. एकीत चूल आणि आमचा संसार, दुसरीत पंगत. कोकणात बायकामुलं ठेवून एकटे आलेले गिरणीतले गडी पाळीप्रमाणे जेवायला येत, बहुतेक आमच्याच बाजूचे, मालवण-कणकवलीकडचे. गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळाने जिन्याखाली चपलांचा सडा पडायचा आणि कपड्यांना, केसांना कापसाचे तंतू चिकटलेली माणसं भिंतीला पाठ लावून बसायची. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, बाजारात स्वस्त मिळाला तर बांगडा. आई भाकऱ्या थापायची त्याचा थपथप आवाज मला झोपेतही ऐकू येई. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत पुढच्या पाळीचं पीठ मळायची वेळ झालेली असे. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी मॅट्रिक झाले तेव्हा सगळी पंगत खूश झाली, एकाने पेढेही आणले, आणि आई म्हणाली, "बरा झाला, आता दिवसभर हाताक गावतली." तिला मला त्रास द्यायचा नव्हता. तिची कंबर गेली होती आणि मदतीला दुसरं कोणी नव्हतं. पण मी स्पष्टच सांगते, मला ती चूल नको होती. त्या चुलीपुढे बसून मी म्हातारी होणार, या विचाराने माझा जीव घाबरा व्हायचा.

आणि मला नोकरी मिळाली. ठाकूरद्वारला मुलींच्या एका शाळेत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी तात्पुरतं शिकवायचं. त्या परत आल्या नाहीत तर जागा कायम होईल, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. शाळा सकाळची. नेमकी त्याच वेळेला गिरण्यांची पाळी बदलायची, म्हणजे लालबागहून ट्राम पकडायची तर दांडीला लोंबकळणाऱ्या माणसांच्या खांद्यांवरून आत शिरायला हवं. बाई उशिराच्या बाबतीत फार कडक होत्या. पहिल्या आठवड्यातच मला बोलणी बसली. आई एवढंच म्हणाली, "बघ बाय, जमत नसला तर रव." राहिले असते तर कुठे राहिले असते, ते तिच्या डोळ्यांपुढे होतं आणि माझ्याही. तेव्हा मी त्या सायकलकडे वळले.

सायकल मला येत होती. लहानपणी भाड्याच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत आम्ही पोरी चाळीच्या मागे शिकलो होतो. पण ही सायकल वेगळीच. कुणा लंबूटांग्या माणसासाठी केलेली, शर्यतीची. मधला दांडा माझ्या कमरेला लागायचा. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, म्हणजे ते धरायचं तर माणसाने रस्त्याला नमस्कार घालत जायचं. सीट अगदी खाली दाबली तरी माझे चवडे पायडलला जेमतेम टेकत आणि पायडल खाली गेलं की पाय सुटायचा. शिवाय प्रश्न लुगड्याचा. शाळेत पाचवारी गोल पातळ नेसून यायचं असा दंडक होता. गोल पातळात त्या दांड्यावरून पाय टाकणं अशक्य. आई नेसायची नऊवारी, काष्टा घालून, आणि काष्ट्यात दोन्ही पाय मोकळे राहतात. तेव्हा मी तिचं एक जुनं हिरवं लुगडं मागून घेतलं. घरून काष्टा घालून निघायचं, ठाकूरद्वारला वाडीत आत्या राहायची तिच्याकडे सायकल ठेवायची, तिथे पाचवारी नेसायचं आणि सभ्य बाई होऊन शाळेत जायचं. आत्या रोज म्हणायची, "तुझ्या शाळेला दोन सुमन आहेत, एक माझ्याकडे येते आणि एक माझ्याकडून जाते." तिला गंमत वाटायची. मला घाई असायची.

ही सगळी कसरत मी हसत केली असती. पण माझं डोकं फिरवलं ते सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी. आमच्या पंगतीतला एकही माणूस असा नव्हता की ज्याला त्या सायकलबद्दल मत नव्हतं. भात वाढता वाढता मी ऐकायची. चेन ढिली आहे. चेन ढिली नाही, फ्रीव्हील गेलंय. तेल घाल. तेल घालू नको, धूळ धरेल. हँडल उलटं करा. आणि ते खरंच उलटं केलं त्यांनी. खाली वळलेली शिंगं वर झाली, आणि त्यांच्याबरोबर ब्रेकच्या मुठीही आभाळाकडे बघू लागल्या, म्हणजे ब्रेक लावायचा तर आधी मूठ सोडून हात वर न्यायचा. "पण ब्रेक?" मी विचारलं. "होईल सवय," असं उत्तर मिळालं.

या सगळ्यांचे म्होरके भिकूकाका. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आमच्याकडे जेवायला सगळ्यात जुने, आणि जगात न सुटणारा नट नाही असं मानणारे. माझे पाय पोचत नाहीत असं मी त्यांना एकदा काकुळतीने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पाय पोचत नाहीत तर पायडल वर आणू या म्हणून गिरणीतला एक मोडका धोटा आणला. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा. त्याचे दोन भाग कापून त्यांनी दोन्ही पायडलांना बांधले. कल्पना चांगली होती. पण धोटा वर्षानुवर्षं सुतावर घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला, त्यावरून चप्पल अशी सटके की दोनदा माझी नडगी फुटली. मग त्यांनी पायडल बसवायचे दोन्ही क्रँक काढून साफ केले आणि परत ठोकले. क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या ज्या दोन खिळ्या असतात, त्यांना कॉटर म्हणतात. त्या एकमेकींच्या उलट दिशांनी घालायच्या असतात. काकांनी दोन्ही एकाच बाजूने ठोकल्या. परिणाम असा की एक पाय पार वर असताना दुसरा पार खाली नसे, मध्येच कुठेतरी असे. सायकल लंगडायला लागली आणि तिच्यावर बसलेली मीही. मी तक्रार केली तर काका म्हणाले, "अगं, नवीन बसवलंय ना, रुळेल." आज माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. डॉक्टर वयाचं कारण देतात. मी मान हलवते, पण मनात भिकूकाकांच्या नावाने बोटं मोडते.

आणि मी कसंबसं सगळं जुळवून घेतलं की दत्ता. दत्ता संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होता, त्या दिवसांत लालबागेत कोण नव्हतं? मीही होतेच. मोर्चांना गेले होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. पण दत्ताला पत्रकं पोचवायला सायकल लागायची, लालबाग ते दादर, दादर ते शीव. तो उंच. तो सीट हातभर वर काढायचा, धोट्याचे तुकडे सोडून कोपऱ्यात फेकायचा आणि रात्री सायकल तशीच आणून लावायचा. सकाळी मी निघायच्या वेळेला पाना शोधत बसायची, सीट खाली करायची, तुकडे बांधायची, हात काळे व्हायचे, जीव मेटाकुटीला यायचा. "परत लावताना सीट खाली करत जा ना रे," मी म्हणायची. तो म्हणायचा, "अगं, इथे मुंबई जायची वेळ आलीय आणि तुला सीटचं पडलंय." एकदा मी कोळशाने भिंतीवर, सायकल टेकवायचो तिथे, लिहिलं: सीट खाली झालीच पाहिजे. पंगत पोट धरधरून हसली. काहींनी घोषणाही दिली. सीट कुणी खाली केली नाही.

एवढ्यात मागचा टायर फाटला, आणि खरी गोम तेव्हा कळली. विलायती चाक सत्तावीस इंची होतं. आपल्याकडे सगळीकडे मिळायचा अठ्ठावीसचा टायर. दत्ता लालबाग, परळ, भायखळा पालथं घालून आला, सत्तावीसचा कुठेच नाही. पंगतीत यावर मोठी चर्चा झाली आणि भिकूकाकांनी निकाल दिला, "एका इंचाचा तर सवाल. बसेल." सीमेवरच्या इंचाइंचासाठी जीव द्यायला तयार असलेली ही माणसं टायरचा इंच मात्र हसत हसत सोडून देत होती. अठ्ठावीसचा टायर चढवला तेव्हा तो चाकावर सैल अंगरख्यासारखा फिरू लागला. मी म्हटलं, हे चालायचं नाही. तेव्हा बाबा पहिल्यांदा उठले.

बाबा फार कमी बोलायचे. साच्याच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं एक तर ओरडून बोलतात नाहीतर बोलतच नाहीत. ते दुसऱ्या दिवशी गिरणीतून धोतराच्या काठाच्या पट्ट्या घेऊन आले. काठ म्हणजे कापडाचा सगळ्यात घट्ट, न फाटणारा भाग. टायर उतरवून त्यांनी ती पट्टी चाकाच्या कडीवर गुंडाळायला घेतली, वेढ्यावर वेढा, कुठे सुरकुती नाही, कुठे ढिलं नाही, अंगठ्याने दाबून बघत. संध्याकाळभर ते तेच करत बसले होते. गिरणीतल्या माणसाचा कापडावर भलता विश्वास. नळ गळला तर कापड, खिडकी वाजली तर कापड, कापडाने होणार नाही असं त्याच्या जगात काही नसतं. मग टायर चढवला, आणि तो खरोखर घट्ट बसला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला आतून भरवसा नव्हता, पण ते तोंड बघून मी म्हटलं, "छान झालं." आणि दोन आठवडे छान चाललंही.

मग शाळेतून निरोप आला की रजेवरच्या बाई परत येणार नाहीत. संस्थेचे चिटणीस स्वतः माझा पाठ बघायला येतील आणि पसंत पडला तर जागा कायम. पाठाचा दिवस ठरला. मी इयत्ता तिसरीला शिकवायची कविता इतकी घोकली की पंगतीतले दोघेजण ती भाताबरोबर म्हणू लागले. आणि पाठाच्या आदल्या दिवशी आमच्या भागात वातावरण पेटलं. मोर्चा, दगड, अश्रुधूर, सगळं झालं. ट्राम बंद, बसगाड्या बंद, गिरण्या बंद. गिरगावातल्या, म्हणजे ठाकूरद्वारकडच्या शाळा मात्र भरणार होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, "ट्राम मिळाली नाही ही सबब मी चिटणीसांना सांगणार नाही."

सकाळी मी आईचं हिरवं लुगडं काष्टा घालून नेसले आणि निघाले. सीट आदल्या रात्रीच मी स्वतः खाली केली होती, आणि दत्ताला त्या दिवशी सायकल न्यायची नाही म्हणून शपथ घातली होती. बाहेर आले तर हवेत तो तिखट वास होताच. अश्रुधुराची नळकांडी पडली की चाळींच्या गॅलऱ्यांतून बायका त्यांवर बादल्या उपड्या करायच्या, धूर मरावा म्हणून. रात्री आणि पहाटे पुन्हा तेच झालेलं, त्यामुळे लालबागपासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत सगळा रस्ता ओला, ठिकठिकाणी डबकी. मी पदर नाकाला लावून, त्यातून वाट काढत, एका पायाने लंगडं पायडल मारत निघाले. एका गॅलरीतून एक म्हातारी ओरडली, "गो बाय, खंय चललंस?" मी ओरडून सांगितलं, "शाळेत!" ती कपाळाला हात लावून बघत राहिली.

सातरस्त्याच्या वळणावर सायकल मागून डुलली. मी खाली बघायच्या आत टायर एका बाजूने कडीवरून उतरला, आतली ट्यूब फुगा आल्यासारखी बाहेर आली आणि फटकन फुटली. टायर मागच्या फाट्यात, चाक धरणाऱ्या नळ्यांत, गुंतून चाक जाम झालं. मी पडले नाही हेच नशीब. कडीवरची पट्टी भिजून काळी पडली होती आणि इतकी आवळली होती की चाकाच्या खोबणीत खोल जाऊन बसलेली. टायर धरून ठेवायला तिथे काही उरलंच नव्हतं. मी रस्त्यात बसून तो टायर ओढला, शिव्या घातल्या, त्या वेळी माहीत होत्या तेवढ्या सगळ्या. रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, हा टायर मोठा होतोय या चाकाला." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सायकल टाकून जाता येईना, दत्ताने आणि चळवळीने मला कच्चं खाल्लं असतं. मागचं चाक उचलून धरायचं आणि पुढच्या चाकावर ती ढकलत न्यायची, अशी मी सातरस्त्यापासून गिरगावकडे निघाले. वाटेत आणखी तिघांनी मला टायर मोठा असल्याचं सांगितलं. ठाकूरद्वारला पोचले तेव्हा शाळा भरल्याची घंटा ऐकू आली. आत्याची वाडी एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. पातळ बदलायला गेले असते तर पाठाची वेळ टळली असती. मी विचार केला, उशीर बाईंना चालत नाही, लुगड्याचं मी समजावून सांगेन. चिटणीस माझा पाठ बघायला येणार आहेत, लुगडं बघायला नव्हे. सायकल फाटकाच्या आत भिंतीला लावली आणि धावत जिना चढले.

जिन्याच्या वरच्या टोकाला मुख्याध्यापिकाबाई चिटणीसांशी बोलत उभ्या होत्या. माझ्याकडे धड न बघताच त्या म्हणाल्या, "ए बाई, पाणी भरायचं असेल तर मागच्या जिन्याने." मी म्हटलं, "बाई, मी सुमन." मग त्यांनी बघितलं. काष्टा, काळे हात, गालावर कुठेतरी वंगण, चिखलाने भरलेली पावलं. चिटणीसांनीही बघितलं, आणि सभ्य माणसं जशी दुसरीकडे बघतात तसे दुसरीकडे बघू लागले. मी ट्रामचं, रस्त्याचं, टायरचं भराभरा सांगितलं. बाईंनी मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "उशीर मी पोटात घातला असता," त्या म्हणाल्या, "पण आमच्या मुली चांगल्या घरातल्या आहेत. उद्या त्या घरी जाऊन सांगतील, आम्हाला शिकवायला कामवालीसारखी बाई येते. तुम्ही मुलगी हुशार आहात, पण तुमच्याकडचं वातावरण वेगळं." पाठ झालाच नाही. तिसरीचा वर्ग दारातून डोकावत होता. मला त्या बाईंना सांगायचं होतं की हे माझ्या आईचं लुगडं आहे, आणि ती कामवालीच आहे, तुमच्या सगळ्या शाळेपेक्षा जास्त काम करते. आज हे वाक्य कसं पटकन सुचतं. तेव्हा नुसते काळे हात पदराला पुसले. मी जिना उतरले, सायकल उचलली आणि तशीच उलट्या वाटेने लालबागला आले.

घरी आले तर पंगतीची खोली भरलेली. गिरण्या बंद, बाहेर जायची सोय नाही, सगळे गडी भिंतीला टेकून भाताची वाट बघत बसलेले. मी सायकल आत घेतली आणि एकच गलका झाला. टायर निघाला काय? ट्यूब फुटली काय? मी सांगत होतो, पट्टी दोन पदरी पाहिजे. नाय, चाकात दोष आहे. भिकूकाका उकिडवे बसून कडी चाचपू लागले. दत्ता म्हणाला, "संध्याकाळी मला दादरला जायचंय, तोवर होईल ना?" बाबांनी ती भिजलेली पट्टी नखाने उचकटली, हातात धरली, आणि म्हणाले, "सूत भिजला काय आवळता, ह्या माका ठावक होता. माका वाटला, टायर आणखी घट्ट धरतलो." मागावरचा माणूस, सुताची नाडी ओळखणारा, आणि तिथेच फसला. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, आणि दोन्ही एकदम आलं की रडू येतं. एवढ्या माणसांत कुणीही विचारलं नाही की पाठाचं काय झालं.

विचारलं आईने. ती चुलीपुढून उठून दारात आली होती, हात पिठाने भरलेले. "नोकरी?" ती म्हणाली.

"गेली."

"टायरामुळा?"

मी नाही म्हटलं. मग जे झालं ते सांगितलं, मागच्या जिन्यापासून कामवालीपर्यंत, एक शब्द न गाळता. आईने माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या लुगड्याकडे. "माजा लुगडा तेंका कामवाल्येचा दिसला?" ती म्हणाली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती आत गेली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी ओतलं. भाताचं आधण अर्धं राहिलं. हरताळाच्या एकाही दिवशी आमची चूल थंड नव्हती. उलट त्या दिवसांत माणसं जास्त आणि वेळीअवेळी जेवायची. धूर घेऊनच ती परत दारात आली.

"आज चूल पेटूची नाय," ती म्हणाली. "हिच्या पायाक पोचात अशी सायकल करून देवा, मगे जेवूक बसा."

भिकूकाका खाकरले. "वयनी, आम्ही करतोच आहोत की इतके दिवस—"

"माप घेतलास?" आई म्हणाली. "इतके दिस सायकलीचा माप घेतास. हिचा कोणी घेतलास?"

मला तेव्हा उलगडा झाला. मुलीच्या पायाचं माप घ्यायचं कुणी? इतकी बापभावासारखी माणसं, माझ्या तंगड्या किती लांब आहेत हे विचारायचं कुणाच्या तोंडी येणार? सीट, पायडल, हँडल, टायर, सगळ्याला हात लावला त्यांनी, माझ्याकडे बघायचं टाळून. आईने बाबांच्या हातातली ती काळी पट्टी ओढून घेतली, मला आत नेलं, दार लोटलं, कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत पट्टी धरली आणि टाचेपाशी गाठ मारली. दार उघडून ती पट्टी भिकूकाकांच्या पुढ्यात टाकली. "ह्या माप."

मग काय सांगू! भुकेलेली माणसं कशी कामाला लागतात ते बघायचं तर त्या दुपारी आमच्याकडे यायला हवं होतं. शेजारच्या चाळीत राहणाऱ्या भाड्याच्या सायकलवाल्याला झोपेतून उठवून आणलं. त्याने अठ्ठावीसच्या दोन कड्या दिल्या, म्हणजे टायरला चाक जुळवलं, चाकाला टायर जुळवत बसण्याऐवजी. हे आधी सुचलं असतं तर? सायकलवर कुणीतरी हौसेने चढवलेली स्प्रिंगांची उंच सीट काढून पातळ, चपटी बसवली. पट्टी पायडलपासून सीटपर्यंत धरून पुन्हा पुन्हा मोजलं. भिकूकाकांनी एक कॉटर काढून उलट्या बाजूने घातला, हळूच, कुणाला दिसू नये असा. मला दिसला. ब्रेकच्या मुठी खाली आल्या. दत्ता घामाघूम होऊन आरे घट्ट करत होता. दादरला जायचं त्याने पुन्हा काढलं नाही. अलीकडे नातवासाठी सायकल घ्यायला लोअर परळच्या एका चकचकीत दुकानात गेलो होतो तर तिथल्या मुलाने पहिल्याप्रथम नातवाच्या पायाचं माप घेतलं. नातवाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या मुलाला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं की बाबा रे, हे आधी करतात हे आमच्याकडे चुलीपुढच्या एका बाईला ठाऊक होतं, आणि त्या बाईला सायकल येत नव्हती.

पुढे शीवच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि तिथेच मी निवृत्त झाले. पण ठाकूरद्वारच्या त्या जिन्याचा राग अजून जिरलेला नाही, आणि तो जिरावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भिकूकाकांनी सायकल दारात आणून उभी केली आणि आईकडे बघितलं. आईने चूल पेटवली. इतक्या माणसांचं रांधायचं राहिलेलं, म्हणून मी सवयीने पदर खोचून परातीपाशी बसले आणि पिठाचा गोळा हातात घेतला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ऊठ," ती म्हणाली. "तुजा काम ह्या न्हय."

मी हात धुतले आणि त्याच लुगड्यात सायकल बाहेर काढली.